चार नंबरच्या गंजीवर कोण गेलं होतं?

हे लिहायला मला दोन सीझन लागले. भीती वाटत होती म्हणून नाही, लाज वाटत होती म्हणून. या पानावर लोकांचे अनुभव मी नेहमी वाचतो... कुणाला दरदरून घाम फुटतो, कुणी आठ दिवस तापाने फणफणतं. मला यातलं काहीच झालं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो आणि झोपलोसुद्धा.

मी अमोल. परभणीत बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात कुणी भुताचा विषय काढला की ते म्हणायचे, "त्याचा पत्ता दे, रविवारी भेटून येतो." मी त्यांच्यावरच गेलेला. हॉस्टेलवर पोरं वाटी उलटी घालून आत्मे बोलवायची, तेव्हा मी शेजारच्या खाटेवर घोरत असायचो. तेव्हा पुढचं वाचून 'हा मुळातच भित्रा असेल' असं म्हणू नका. माझ्यात दुसरे दोष आहेत, ते पुढे येतीलच.

जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच नोकरी करतो. ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो - शेतकऱ्यांकडून आलेला कापूस आवारात गंजी लावून ठेवतात. एकेक गंजी दुमजली घराएवढी. आमच्याकडे सीझनला सहा-सात गंज्या असतात, प्रत्येकीला नंबर. आता कापूस वाळलेला असला तर काही चिंता नाही. पण ओला माल आत दाबला गेला की तो आतल्या आत तापायला लागतो. वरून पांढरा शुभ्र, आणि आत धग. एकदा का तो पेटला की मग कुणाच्या बापाला आवरत नाही.

म्हणून गंजीत लांब लोखंडी सळया खुपसलेल्या असतात. सळईच्या टोकाला तापमान मोजायचं यंत्र, त्याची वायर ऑफिसात. तापमान ठराविक आकड्याच्या वर गेलं की सॉफ्टवेअर अलर्ट पाठवतं. मी लागलो तेव्हा हा अलर्ट ईमेलवर यायचा. आणि तो ईमेल बघायचे सोनकांबळे काका.

काका तिथे तीस वर्षांपासूनचे. पिंगळीचे राहणारे, पण सीझनभर जिंतूरलाच खोली करून राहायचे. निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. ईमेल आला की काका त्याची प्रिंट काढायचे. मग ती प्रिंट हातात धरून ऊन असो वारा असो गंजीपर्यंत चालत जायचे, सळईशेजारचा कापूस उपसायचे आणि भोकात कोपरापर्यंत हात घालून उभे राहायचे. चांगले दोन-तीन मिनिटं. मग त्याच कागदावर लिहायचे - 'हात घालून पाहिलं. गरम न्हाई.' खाली सही, वेळ. आणि परत येऊन तो कागद टेबलावरच्या खिळ्याला लावायचे. दिवसात असे सहा-सात तरी. बहुतेक वेळा ऊन लागून सळईच तापलेली असायची, म्हणजे फुकटची चक्कर.

एकदा मी म्हणालो, "काका, सेन्सर आहे ना तिथं? तुम्ही हात घालून काय वेगळं कळणार?"

तर हसले. म्हणाले, "बाळा, सळई एका जागचं सांगती. हात फिरवता येतो."

ते मला 'बाळा' म्हणायचे. रोज सकाळी दारातून, "जय भीम बाळा, जेवलास का?" - सकाळचे नऊ वाजलेले असायचे, तरी हाच प्रश्न. हे लक्षात ठेवा.

मला मात्र त्या खिळ्याची चीड यायची. कॉम्प्युटरच्या जमान्यात खिळ्याला कागद! मी नवा, अंगात रग, शेठसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. ऑफिसच्या कामासाठी आम्ही एक चॅटचं ॲप घेतलं होतं. मी दोन दिवस खटपट करून सॉफ्टवेअरचे अलर्ट ईमेलऐवजी थेट त्या चॅटवर आणले. 'गंजी अलर्ट' नावाचा ग्रुप केला. शेठ, मी, गाठी बांधायच्या प्रेसचा फिटर रफिकभाई, सुपरवायझर, गेट, काटा - सगळ्यांना घेतलं. आता अलर्ट एका म्हाताऱ्याच्या टेबलावर पडून राहणार नाही, एकदम दहा खिशांत वाजेल. कल्पना वाईट नव्हती हो. आजही मला ती वाईट वाटत नाही.

चुकलं ते पुढे. ग्रुप सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात शेठ चिडले, "मेसेज पडतो, कुणी बघतं की नाही काय कळत नाही." म्हणून मी नियम केला - अलर्ट आला की प्रत्येकाने एका मिनिटाच्या आत खाली अंगठा द्यायचा. कोण अंगठा देत नाही त्याची यादी महिन्याच्या शेवटी शेठकडे. झालं. आमची माणसं इतकी तरबेज झाली की काय सांगू! घास तोंडात असताना अंगठा, गाडी चालवताना अंगठा, सुपरवायझर तर म्हणे दाढी करताना. अलर्ट आला की टिक-टिक-टिक नऊ अंगठे. आणि प्रत्येकाला वाटायचं की एवढ्या नऊ जणांत कुणीतरी गंजीकडे गेलंच असेल. मलाही तेच वाटायचं. किंवा खरं सांगायचं तर, मी त्याचा विचारच करत नव्हतो. माझ्या रिपोर्टमध्ये 'प्रतिसादाची वेळ' पंचवीस मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आली होती. शेठने पाठ थोपटली.

फक्त एक माणूस अंगठा द्यायचा नाही. काका. नव्या व्यवस्थेत त्यांना प्रिंटचं काम उरलं नाही, म्हणून मी शेठना सांगून त्यांना काट्यावर बसवलं - गाड्या तोलायला. ग्रुपमध्ये होते, पण एका बोटाने टाईप करायचे. अलर्ट यायचा, नऊ अंगठे पडायचे, आणि पाच-सहा मिनिटांनी काकांचा मेसेज यायचा -

'कोण जायलंय पाहायला?'

प्रत्येक वेळी. तेच वाक्य. नावापुढे येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोटो, नातवाने लावून दिलेला. सुरुवातीला कुणी 'जातो काका' लिहायचं. मग तेही बंद झालं. मग सुपरवायझर हसण्याची चित्रं टाकायला लागला. एके दिवशी शेठ मला म्हणाले, "हे काय लावलंय रे म्हाताऱ्याने? तुझा ग्रुप आहे का चावडी?"

मी केबिनमध्ये आलो आणि काकांना ग्रुपमधून काढून टाकलं. दोन बटणं दाबायची असतात फक्त.

दुपारी काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "बाळा, ह्याला काय झालं बघ बरं. ग्रुप उघडंना."

आता इथे मी सरळ सांगू शकलो असतो. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, समोर उभा. पण जीभ रेटली नाही. मी मोबाईल हातात घेऊन उगाच इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सिस्टीम आपोआप काढते काका. काट्यावरच्यांना तो ग्रुप लागत नाही ना, म्हणून."

"अस्सं हाय का," म्हणाले आणि गेले.

पण त्या ॲपवर कुणाला कुणी काढलं ते नावासकट लिहून येतं. काकांनी जाताना रफिकभाईला मोबाईल दाखवला, आणि रफिकभाईने ती ओळ वाचून दाखवली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत मी काय थाप मारलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारातून म्हणाले, "जय भीम सायेब." आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी 'सायेब' झालो. जेवलास का, ते पण बंद.

मला वाटलं, बरं झालं, माणूस जागेवर आला. शप्पथ सांगतो, मला तेव्हा असंच वाटलं होतं.

त्यानंतरही काका दुपारच्या सुट्टीत गंज्यांवर जायचे. कागद नाही, अलर्ट नाही, कुणी सांगितलेलं नाही. मी खिडकीतून बघायचो - एकेका गंजीपाशी थांबून, बाही वर करून हात घालून उभे. मी सुपरवायझरला म्हणालो सुद्धा, "रिकामा उद्योग." आता हिशोब लावतो तेव्हा वाटतं, त्या दोन महिन्यांत आमचं जिनिंग माझ्या ग्रुपवर चाललं होतं की त्यांच्या हातावर... जाऊ द्या.

मग अवकाळी आला. सगळीकडून ओला माल. आणि नेमकं त्याच वेळी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. रजेवर जायच्या आदल्या दिवशी ते केबिनच्या दारात आले, आत आले नाहीत.

"सायेब, मी आठ-धा दिस न्हाई. चार नंबरला लय ओला माल पडलाय. जरा नजर असू द्या. तितं सावलीला बाया जेवायला बसतेत."

बाया म्हणजे डागी कापूस वेचून वेगळा करणाऱ्या. चौदा-पंधरा जणी, त्यांच्या मुकादम गयाबाई. दुपारी दोनच्या सुमाराला चार नंबरची सावली पूर्वेला पडायची, तिथे त्या गोल करून भाकरी सोडायच्या.

मी स्क्रीनवरून मान न काढता म्हणालो, "हो हो काका, ग्रुपवर येतंच की सगळं."

पाचव्या दिवसाची गोष्ट. दुपार, लख्ख ऊन. मी शेठच्या केबिनमध्ये होतो. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला माझा लॅपटॉप जोडलेला, आणि मी त्यांना महिन्याचा रिपोर्ट दाखवत होतो. कोणता, ते सांगायला नको - कोण किती सेकंदात अंगठा देतो त्याचाच. दोन वाजून सहा मिनिटांनी टीव्हीवरच अलर्ट आला. गंजी क्रमांक चार. खाली अंगठे पडायला लागले. मी शेठना म्हणालो, "बघा शेठ, लाईव्ह बघा," आणि मीही माझा अंगठा दिला. तिसरा माझा होता. एका मिनिटात नऊ पूर्ण. शेठ खूश.

आणि त्याखाली मेसेज आला. नावापुढे येलदरी धरणाचे उघडे दरवाजे. 'सोनकांबळे काका.'

'हात घालून पाहिलं. गरम हाय. बाया उठवा.'

टीव्हीवर तो एवढा मोठा दिसत होता. मी वाचला, शेठनीही वाचला. शेठ म्हणाले, "हा रजेवर आहे ना? आणि तू तर याला काढलं होतंस."

मंडळी, आता मी काय केलं ते लिहितो. हेच लिहायला दोन सीझन लागले.

मी उठलो नाही. खिडकीपाशीसुद्धा गेलो नाही, जिथून चार नंबर स्पष्ट दिसते. मला राग आला. शेठसमोर माझ्या ग्रुपची शोभा झाली याचा राग. मी सदस्यांची यादी उघडली - काकांना परत कुणी घेतलं ते शोधायला. यादीत दहा नावं. शेठ धरून दहाच. काकांचं नाव नाही. मी यादी बंद करून परत उघडली. मग सेटिंग्ज. मग जुन्या नोंदी. ॲडमिन मी एकटा, माझ्याशिवाय कुणी कुणाला घेऊच शकत नाही. शेठ शेजारून "मग हा लिहितोय कुठून?" विचारत होते, आणि मी "एक मिनिट, एक मिनिट" करत बटणं दाबत होतो. अशी सहा-सात मिनिटं गेली. समोर लिहिलं होतं, बाया उठवा. आणि मी यादी बघत होतो.

मग बाहेर आरडाओरडा झाला.

धावत गेलो तेव्हा चार नंबरची पूर्वेकडची अख्खी बाजू खाली बसली होती, आणि ज्वाळा बाहेर आल्या होत्या. जिथे बाया बसायच्या तिथे पेटलेल्या कापसाचा ढीग. त्यातून एक डबा दिसत होता, स्टीलचा. मी नुसता "बाया, बाया" एवढंच म्हणत होतो म्हणे. मला आठवत नाही.

बाया वाचल्या होत्या. सगळ्या. लांब पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. गयाबाई डबा आणायला परत फिरल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याचा काठ तेवढा जळाला. त्यांना रफिकभाईने उठवलं होतं. प्रेसवरून पळत जाऊन, अक्षरशः हाताला धरधरून.

जिंतूरहून अग्निशमनची गाडी आली, आग आटोक्यात यायला संध्याकाळ झाली. मी रफिकभाईला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सायेब, काकाचा मेसेज आला की! तुमी न्हाई पाहिला? अंगठा मी बी दिलता, झूट कायला बोलू. पन काका बोलला गरम हाय, मंजी गरम हाय. त्यात सोचायचं काय?"

एवढंच. त्याने मेसेज वाचला आणि पळाला. त्याला यादी बघायची नव्हती.

गयाबाईंनी सांगितलं ते आणखी वेगळं. "आमी भाकरी खायलो होतो. माझ्या पाठीमागं कुनीतरी कापूस उपसायलंय असं वाटलं. म्हनलं सोनकांबळे दादा असतील, त्यायची रोजचीच सवय हाय. म्हनून म्या मागं वळून बी न्हाई पाहिलं."

संध्याकाळी मी ग्रुप उघडला. अलर्ट, दोन वाजून सहा मिनिटं. खाली नऊ अंगठे. त्याखाली काही नाही. रफिकभाईच्या मोबाईलवर नाही, कुणाच्याच नाही. 'मेसेज काढून टाकला' अशी ओळ येते ना, तीसुद्धा नाही. शेठ काय म्हणाले माहीत आहे? चार लोकांसमोर म्हणाले, "अमोलच्या सिस्टीममुळे आज जीव वाचले." आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परभणी, तिथून पिंगळी. का गेलो? खरं कारण सांगतो - मला खात्री करायची होती की काकांनीच कुठूनतरी, काहीतरी करून तो मेसेज टाकला. म्हणजे मग प्रश्न मिटला असता.

घरी काकू होत्या. काका आत खाटेवर, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने आधीच धूसर दिसायचं, त्यात डॉक्टरांनी मोबाईल, टीव्ही सगळं बंद केलेलं. मी मोबाईलचं विचारलं तर काकू म्हणाल्या, "त्यो तर ऑपरेशनच्या दिवशीच लेक घेऊन गेली नांदेडला. ह्यायला दम निघत न्हाई म्हनून. त्यातलं सिमकारड बी काढून ठिवलंय." खिडकीतल्या डबीत होतं, दाखवलं मला.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काल दुपारी येगळंच झालं बघा सायेब. जेवून झोपलते. दोन वाजून गेले असतेन. एकदम वरडतच उठले, बाया उठवा, बाया उठवा म्हनून. म्या म्हनलं सपान पडलं. पन हात बघा की त्यायचा."

काकांचा उजवा हात पांघरुणावर होता. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत लालबुंद, पोळल्यासारखा, बोटांवर बारीक फोड. कोपराच्या वर काही नाही. बाही दुमडतो तिथपर्यंतच. डॉक्टर म्हणाले औषधाची रिॲक्शन. असेलही.

इथे थोडं थांबतो आणि बाकीचं सांगून टाकतो, कारण खोलीत पुढे जे झालं त्यानंतर मला लिहायला जमणार नाही. ॲपवाल्या कंपनीला मी तीनदा लिहिलं. त्यांनी त्या दिवसाची सगळी नोंद पाठवली, त्यात तो मेसेज नाही. मोठ्या टीव्हीचा फोटो काढायचं मला सुचलं नाही. शेठ आता म्हणतात, "असेल काहीतरी, तू फार विचार करू नको." वडिलांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच पत्ता मागायचं विसरले. अंगठ्याचा नियम मी काढून टाकला. आता अलर्ट आला की ज्याची पाळी असेल तो गंजीवर जातो, हात घालतो, आणि तिथूनच लिहितो. माझी पाळी सोमवार आणि गुरुवार. पण पन्नास-साठ किलोमीटरवर, डोळ्यावर पट्टी बांधून झोपलेल्या माणसाचा हात पोळला कसा, आणि त्याचं वाक्य आमच्या टीव्हीवर आलं कुठून, याचं उत्तर मी दोन सीझन शोधलं. नाही सापडलं.

आता खोलीतलं.

काकूंनी चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मी काकांना आगीचं सांगितलं. चार नंबर बसली, पण बाया वाचल्या, कुणाला काही झालं नाही. ते ऐकून त्यांनी लांब श्वास सोडला. मग पट्टीचा चेहरा माझ्याकडे वळवून विचारलं, "कोन गेलतं पाहायला?"

तेच. जे आम्ही ग्रुपवर हसण्यावारी नेलं होतं.

मला रफिकभाईचं नाव घेता आलं असतं. तेच खरं होतं. पण त्यांचा तो चेहरा, आणि दोन महिने ऐकलेलं ते 'सायेब'... मला काय झालं माहीत नाही. मी म्हणालो, "मी गेलो होतो काका."

"तू?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "बाळा, तू सोता गेलतास?"

बाळा म्हणाले. तरी मी थांबलो नाही. म्हणालो, "हो काका. हात घालून पाहिलं. गरम होतं."

त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं.

काका हसले. त्यांनी डावा हात पुढे केला, चाचपडत माझा उजवा हात शोधला आणि धरला. आधी तळवा, मग एकेक बोट. मग मनगटावरचं घड्याळ चुकवून, बाहीच्या आतून कोपरापर्यंत हात फिरवत गेले. सावकाश, गंजीत फिरवायचे तसाच. माझा हात गार होता. मऊ होता. कुठे काही लागलेलं नव्हतं.

मग त्यांनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

"बरं झालं, सायेब," म्हणाले. "च्या घ्या. गार व्हायलाय."

मी चहा घेतला.